ब्रिटनचीं दोन सार्वमतें

परीक्षेचे पेपर तपासण्यांत ज्याचें निम्में आयुष्य गेलें आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. उत्तर चुकलें म्हणजे दोष विद्यार्थ्याचाच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो प्रश्न काढणाऱ्याचा असतो. एका सहामाही परीक्षेंत 'पानिपतच्या पराभवाचें कारण लिहा' असा प्रश्न मीं काढला होता, आणि चाळीस मुलांनीं मिळून अकरा निरनिराळीं कारणें लिहून दिलीं. अकराही बरोबर होतीं. गुण सर्वांना द्यावे लागले, आणि मुख्याध्यापकांपुढें मान खालीं घालावी लागली ती मला.

आज ज्या वादाची हकीकत मी सांगणार आहें, तो अशाच एका प्रश्नावरून एका मोठ्या राष्ट्रांत माजला. ब्रिटननें युरोपांतील राष्ट्रांच्या संघांत राहावें कीं त्यांतून बाहेर पडावें, हा तो प्रश्न. तो तेथील जनतेला दोनदां विचारण्यांत आला. एकदां ५ जून १९७५ रोजीं आणि पुनः २३ जून २०१६ रोजीं. पहिल्या खेपेस १ कोटि ७३ लाख ७८ हजार लोकांनीं 'राहावें' म्हणून सांगितलें. दुसऱ्या खेपेस १ कोटि ७४ लाख १० हजार लोकांनीं 'बाहेर पडावें' म्हणून सांगितलें. जिंकणाऱ्यांचा आंकडा जवळजवळ तोच, कौल मात्र नेमका उलटा. मधल्या एकेचाळीस वर्षांत काय घडलें, आणि दुसऱ्या कौलानंतर त्या राष्ट्राची साडेतीन वर्षें अशी ओढाताण कां झाली, हें आज पाहावयाचें आहे.

या संघाचा पाया २५ मार्च १९५७ रोजीं रोम येथें झालेल्या तहानें घातला गेला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग हीं सहा राष्ट्रें त्यांत होतीं. आपसांतील जकाती काढून टाकावयाच्या, बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांनीं मिळून एकच जकात बसवावयाची, आणि माल, मजूर व भांडवल यांना एका देशांतून दुसऱ्या देशांत मोकळी वाट द्यावयाची, ही त्याची आर्थिक बाजू. पण दुसरीही एक बाजू होती व तीच पुढें भांडणाचें मूळ ठरली. जे विषय संघाकडे सोंपविले, त्यांत संघाचा कायदा सभासद राष्ट्रांच्या कायद्याहून वरचढ मानला जाई.

ब्रिटन प्रारंभीं दूर राहिलें. साम्राज्य हातचें जात होतें तरी राष्ट्रकुटुंबाशीं व्यापार चालू होता. न्यूझीलंडचें लोणी व मेंढीचें मांस स्वस्त मिळत होतें. मग धोरण बदललें. १९६१ सालीं मुख्य प्रधान मॅक्मिलन यांनीं प्रवेशासाठीं अर्ज केला; १९६३ च्या जानेवारींत फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनीं तो फेटाळला. १९६७ सालीं मजूरपक्षाचे विल्सन यांनीं पुनः अर्ज केला आणि द गॉल यांनीं पुनः नकार दिला. ते अधिकारावरून गेल्यावर हुजूरपक्षाचे एडवर्ड हीथ यांना यश आलें. जानेवारी १९७२ मध्यें ब्रसेल्सला करारावर सही करण्यास ते गेले, तेव्हां एका बाईनें त्यांच्या अंगावर शाई फेंकली. पार्लमेंटांतही मार्ग सुकर नव्हता. त्या विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाला ३०९ विरुद्ध ३०१ असें अवघें आठांचें मताधिक्य मिळालें. १ जानेवारी १९७३ रोजीं ब्रिटन संघांत गेलें, पण लोकांना कोणीं विचारलें नव्हतें.

हा आक्षेप पुढें आणला तो मजूरपक्षांतील डाव्या गटानें, आणि त्याचे पुढारी होते टोनी बेन. आज पुष्कळांची अशी समजूत आहे कीं संघाविरुद्धचा वाद हा उजव्या, जुन्या वळणाच्या इंग्रजांनीं उभा केला. ती बरोबर नाहीं. ज्यांनीं आपल्यावर कायदे करावयाचे त्यांना निवडण्याचा आणि काढून टाकण्याचा हक्क मतदारांचा असतो. ब्रसेल्सच्या मंडळाला ब्रिस्टलचा मतदार काढूं शकत नाहीं, मग त्याचा कायदा त्यानें कां पाळावा, असा बेन यांचा सवाल होता. १९७४ च्या अखेरीस आपल्या मतदारांना पत्र लिहून त्यांनीं तो मांडला. मला स्वतःला वाटतें कीं या साऱ्या प्रकरणांत इतका सरळ प्रश्न दुसऱ्या कोणींच विचारला नाहीं, आणि त्याचें सरळ उत्तरही त्यांना कोणीं दिलें नाहीं.

विल्सन हे मोठे धूर्त गृहस्थ. पक्ष दुभंगण्याच्या बेतांत आलेला पाहून त्यांनीं निर्णय लोकांवर सोंपविला. सार्वमत ही ब्रिटनच्या परंपरेंतील चीज नव्हे. १९४५ सालीं चर्चिल यांनीं संयुक्त प्रधानमंडळाची मुदत सार्वमतानें वाढवावी असें सुचविलें, तेव्हां ॲट्ली यांनीं तें हुकूमशहांचें साधन म्हणून झिडकारलें होतें. १९७५ च्या मार्चमध्यें ॲट्लींच्या त्याच मताचा आधार घेऊन सार्वमताला विरोध कोणीं केला असेल? हुजूरपक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर यांनीं. आणि सार्वमत ठरल्यावर याच बाई सभासद राष्ट्रांचीं निशाणें विणलेला लोकरी सदरा घालून 'संघांत राहा' म्हणून प्रचार करीत होत्या.

विल्सन यांनीं एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. आधीं त्यांनीं संघाशीं पुनः बोलणीं करून शर्ती थोड्याफार बदलून घेतल्या, त्या छापून घरोघर धाडल्या, आणि मग विचारलें कीं या संघांत राहावें असें तुम्हांस वाटतें काय? सरकारचें एक पत्रक, अनुकूल पक्षाचें एक व प्रतिकूल पक्षाचें एक, अशीं तीन पत्रकें प्रत्येक घरीं गेलीं. प्रधानमंडळांत सोळा मंत्री राहण्याच्या बाजूचे आणि सात विरुद्ध होते. त्या सातांना जाहीरपणें विरुद्ध बोलण्याची मोकळीक देण्यांत आली. एका व्यासपीठाच्या आसपासही जे कधीं उभे राहिले नसते, असे बेन आणि कट्टर उजव्या मताचे इनॉक पॉवेल एकाच बाजूस आले. वाद तात्त्विक कमी आणि घरगुती अधिक चालला. लोणी महागेल कीं स्वस्त होईल, हें बायका विचारीत. बार्बरा कॅसल या मंत्रीणबाई तर ब्रसेल्सला जाऊन बाजारहाट करून आल्या आणि तेथील महागाई लोकांना दाखवूं लागल्या. पैसा मात्र राहण्याच्या बाजूला मुबलक होता, आणि कम्युनिस्टांचें 'मॉर्निंग स्टार' सोडल्यास जवळजवळ सर्व दैनिकें त्याच बाजूचीं होतीं. शेंकडा ६७ मतें 'राहावें' अशीं पडलीं. साऱ्या देशांत 'नको' म्हणणारे प्रदेश दोनच निघाले. शेटलंड आणि पश्चिमेकडील बेटें.

येथें वाद संपावयास हवा होता. पण तो बाजू बदलून पुनः सुरू झाला. १९८३ च्या निवडणुकींतही मजूरपक्ष 'बाहेर पडूं' असेंच म्हणत होता. पुढें १९८८ चा सप्टेंबर महिना आला. ८ तारखेस संघाच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाक देलोर यांनीं बोर्नमथ येथें ब्रिटिश कामगार संघटनांच्या परिषदेपुढें भाषण केलें आणि मजुरांच्या हक्कांचें रक्षण युरोप करील असें आश्वासन दिलें. नऊ वर्षें थॅचरबाईंचा मार खाल्लेल्या कामगारांना तें अमृतासारखें वाटलें. वीस तारखेस बेल्जममधील ब्रूज गांवीं थॅचरबाईंनीं त्याला उत्तर दिलें. स्वदेशांत सरकारचा पसारा आपण कमी केला तो ब्रसेल्सहून पुनः लादून घेण्यासाठीं नव्हे, असा त्या भाषणाचा रोख होता. अवघे बारा दिवस! त्या बारा दिवसांनंतर मजूरपक्षाची दृष्टि हळूहळू युरोपकडे वळली आणि हुजूरपक्षाची उलट दिशेला. संघ तोच होता. तो आपल्या घरांतील प्रतिपक्षाला उपयोगी पडतो कीं आपणांस, एवढ्यावरून त्याच्याविषयींचें मत बदललें.

पुढच्या काळांत मास्ट्रिक्टचा तह झाला, संघाच्या हातीं अधिक सत्ता गेली, आणि हुजूरपक्षांत यादवी माजली. २००४ सालीं पूर्व युरोपांतील राष्ट्रें धरून दहा नवे सभासद आले. त्यांच्या मजुरांना पहिल्या दिवसापासून दार उघडणारीं राष्ट्रें तीनच होतीं. ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन. सरकारनें आधीं करवून घेतलेला अंदाज असा होता कीं वर्षाला फार तर तेरा हजार माणसें येतील. आलीं तीं लाखांनीं. पोलंडचा सुतार, लिथुआनियाची शेतमजूर बाई यांना दोष देण्याचें कारण नाहीं. तीं कष्टाळू माणसें होतीं. परंतु बोस्टनसारख्या लहानशा शेतकी गांवांत शाळा, दवाखाने, भाड्याचीं घरें आहेत तेवढींच राहिलीं आणि माणसें वाढलीं, तर तेथल्या जुन्या रहिवाशाला काय वाटेल, याचा विचार लंडनमध्यें बसणाऱ्यांनीं केला नाहीं. त्या बोस्टननें २०१६ सालीं शेंकडा ७५ हून अधिक मतें बाहेर पडण्याच्या बाजूनें दिलीं.

आतां दुसऱ्या सार्वमताकडे वळूं. डेव्हिड कॅमेरन यांनीं जानेवारी २०१३ मध्यें त्याचें वचन दिलें, तें विल्सन यांच्याप्रमाणेंच पक्षांतील भांडण मिटविण्यासाठीं. पण विल्सन यांचें तंत्र त्यांना साधलें नाहीं. प्रश्नाचे शब्द काय असावेत यावर मात्र बराच खल झाला. प्रथम सरकारनें 'होय' किंवा 'नाहीं' असें उत्तर येईल असा प्रश्न योजला होता. निवडणूक आयोगानें सांगितलें कीं त्यानें राहण्याच्या बाजूस झुकतें माप मिळतें. म्हणून 'राहावें कीं सोडावें' असे दोन्ही पर्याय लिहिले गेले. शब्द निर्दोष झाले, पण प्रश्न सदोषच राहिला. 'राहावें' म्हणजे काय तें सर्वांस ठाऊक होतें. 'सोडावें' म्हणजे सोडून कोठें जावयाचें तें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. नॉर्वेप्रमाणें बाजारपेठेंत राहून संघाबाहेर असावें, कीं कॅनडाप्रमाणें दूर राहून व्यापारी करार करावा, कीं कसलाही करार करूं नये? सोडण्याच्या बाजूचे लोक तिन्ही मार्ग सांगत होते, आणि ज्याला जो आवडेल तो त्यानें मनांत धरून एकाच चौकोनांत फुली मारावयाची होती.

आणखी एक उणीव होती. १९७९ सालीं स्कॉटलंडला स्वतंत्र विधिमंडळ देण्याविषयीं सार्वमत झालें, तेव्हां एकूण मतदारांपैकीं शेंकडा ४० जणांनीं अनुकूल मत दिलें पाहिजे अशी अट होती. अनुकूल बाजूस बहुमत मिळूनही ती पुरी न झाल्यानें तो बेत फसला. २०१६ सालीं अशी कोणतीही अट नव्हती. कारण कायद्याच्या दृष्टीनें तें सार्वमत केवळ सल्ला होता. पण सरकारनें घरोघर वांटलेल्या पत्रकांत मात्र 'तुम्ही ठरवाल तें आम्ही अमलांत आणूं' असें छापलेलें होतें! कायद्यांत सल्ला आणि पत्रकांत आज्ञा, असा हा दुटप्पी प्रकार होता.

प्रचाराविषयीं फार सांगत नाहीं. तें ऐकण्याजोगें नाहीं. एका बाजूनें तांबड्या मोटारगाडीवर लिहिलें कीं आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटि पौंड देतों. परत मिळणारी रक्कम त्यांतून वजाच केलेली नव्हती, आणि सरकारी आंकडेवारीवर देखरेख करणाऱ्या मंडळानें तो आंकडा दिशाभूल करणारा ठरविला. दुसऱ्या बाजूनें प्रत्येक कुटुंब ४,३०० पौंडांनीं गरीब होईल असें भय घातलें. १६ जून रोजीं मजूरपक्षाच्या सभासद जो कॉक्स यांचा त्यांच्याच मतदारसंघांत भर रस्त्यावर खून झाला, आणि थोडे दिवस साऱ्यांचे आवाज खालीं आले.

मताचा हक्क कोणाला होता, ही हकीकत आपल्याकडील श्रोत्यांनीं मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. ब्रिटनमध्यें रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुटुंबांतील नागरिकांना मत होतें. म्हणजे भारताच्या पासपोर्टावर तेथें नोकरी करणाऱ्या पुण्याच्या माणसाला होतें. पण वीस वर्षें तेथें संसार थाटलेल्या फ्रेंच वा जर्मन माणसाला नव्हतें. आतां आपल्या गोव्याचें पाहा. १९६१ पूर्वीं गोव्यांत जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचें नागरिकत्व घेतां येतें. तें घेऊन, म्हणजे युरोपचे नागरिक होऊन, हजारों गोंयकार ब्रिटनमध्यें गेले. स्विंडन शहरांत त्यांची मोठी वस्ती झाली. ज्या सार्वमतानें त्यांच्या राहण्याचा हक्क पणाला लागला, त्यांत त्यांना मत नव्हतें. पोर्तुगीज पासपोर्ट घेतांना भारताचें नागरिकत्व जातें, म्हणून शेजारच्या भारतीयाला जें मत मिळालें तें त्यांना मिळालें नाहीं. स्विंडनचा कौल बाहेर पडण्याच्या बाजूनेंच लागला. पुढें तेथें राहावयाचें तर ३० जून २०२१ च्या आंत अर्ज करा, असें युरोपच्या इतर नागरिकांबरोबर त्यांनाही सांगण्यांत आलें.

निकाल आला, शेंकडा ५२ विरुद्ध ४८. इंग्लंड व वेल्स यांनीं सोडावें म्हटलें. स्कॉटलंडनें शेंकडा ६२ आणि उत्तर आयर्लंडनें शेंकडा ५६ मतांनीं राहावें म्हटलें. त्याच दिवशीं कॅमेरन यांनीं राजीनामा जाहीर केला. त्यांच्यामागून आलेल्या थेरेसा मे यांना लोक विचारीत, बाहेर पडणें म्हणजे नेमकें काय? त्या सांगत, 'ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट'. व्याख्येंत तोच शब्द पुनः वापरला तर मी गुण देत नसें.

खरी अडचण आयर्लंडमध्यें होती, आणि इंग्लंडांतील प्रचारांत तिचा उच्चार क्वचितच झाला होता. आयर्लंडचें प्रजासत्ताक संघांत राहणार आणि उत्तर आयर्लंड ब्रिटनबरोबर बाहेर जाणार. म्हणजे त्यांच्यामधील सुमारें ५०० किलोमीटरची सरहद्द ही संघाची जकातसरहद्द होणार. तिच्यावरून जाणारे रस्तेच दोनशेंहून अधिक. तीस वर्षांच्या यादवींत तेथें साडेतीन हजार माणसें मेलीं होतीं, आणि १९९८ च्या करारानंतर चौक्या उठून शेतकरी एका राज्यांतील गोठ्यांतून दुसऱ्या राज्यांतील कुरणांत गुरें नेऊं लागला होता. तेथें पुनः नाकें कोण बसविणार? नाकें नकोत तर उत्तर आयर्लंडला संघाचे नियम पाळावे लागतील. मग त्याच्या व ब्रिटनच्या मध्यें समुद्रावर नाकें येईल. तेंही नको तर साऱ्या ब्रिटनला जकातसंघांत राहावें लागेल. मग बाहेर पडलों तें कशासाठीं? या तीन दारांपैकीं एक कोणाला तरी उघडावेंच लागणार होतें, आणि प्रत्येक दारांत कोणीतरी आडवें पडलेलें होतें.

मे यांनीं तिसऱ्या दारासारखा एक करार करून आणला. १५ जानेवारी २०१९ रोजीं तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनीं फेटाळला गेला. कॉमन्स सभेंत कोणत्याही सरकारचा अर्वाचीन काळांत एवढा मोठा पराभव झालेला नव्हता. मार्चमध्यें आणखी दोनदां तो हरला. मधल्या काळांत सभापति बर्को यांनीं १६०४ सालचा दाखला काढून सांगितलें कीं तोच ठराव एका अधिवेशनांत पुनःपुनः आणतां येणार नाहीं. २७ मार्च रोजीं सभेनें स्वतःच आठ पर्याय मतास टाकले. आठांपैकीं एकालाही बहुमत मिळालें नाहीं. माझ्या पानिपतच्या पेपरासारखीच ही गत! फरक इतकाच कीं तेथें प्रत्येक उत्तर नापास झालें.

दरम्यान रस्त्यावर लाखों लोक पुनः सार्वमत घ्या म्हणून मिरवणुका काढीत होते. माझें मत त्यांच्या बाजूनें आधीं होतें. विचार करतां तें डळमळलें. कराराचा मसुदा हातीं आल्यावर लोकांस दाखवून कौल घ्यावयाचा, ही पद्धति योग्यच होती, पण ती आधीं जाहीर करावयास हवी होती. निकाल लागल्यावर हरलेल्या बाजूनें नवी परीक्षा मागितली, तर जिंकलेल्याला ती लबाडीच वाटणार. संडरलंडच्या जहाजगोदीवरच्या ज्या म्हाताऱ्याला चाळीस वर्षांत कोणीं कांहीं विचारलें नाहीं, त्यानें एकदां उत्तर दिलें. त्याला 'तुझें उत्तर चुकलें, पुनः लिही' असें कोणत्या तोंडानें सांगावें?

जुलै २०१९ मध्यें बोरिस जॉन्सन मुख्य प्रधान झाले. त्यांनीं पार्लमेंटची बैठक पांच आठवडे तहकूब करविली. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं २४ सप्टेंबर रोजीं ती तहकुबी एकमतानें बेकायदा ठरविली. विरुद्ध मत दिलें म्हणून त्यांनीं स्वपक्षाचे एकवीस सभासद काढून टाकले. त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स हेही होते. मग त्यांनीं दुसरें दार उघडलें, म्हणजे समुद्रावरचें. ब्रिटनचा कोणताही मुख्य प्रधान ज्याला कबूल होणार नाहीं असें मे म्हणाल्या होत्या, तेंच कबूल करून करार केला. उत्तर आयर्लंडमधील ब्रिटननिष्ठ लोकांना तो विश्वासघात वाटला. फेब्रुवारी २०२३ मध्यें विंडसर येथें तडजोड होऊन नाक्यांवरचा जाच पुष्कळ कमी करण्यांत आला, तोंवर व त्यानंतरही ही कटुता गेली नाहीं. पण इंग्लंडांतील मतदार कंटाळला होता. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकींत जॉन्सन यांना ऐंशींचें मताधिक्य मिळालें आणि करार मंजूर झाला.

३१ जानेवारी २०२० च्या रात्रीं पार्लमेंटसमोरच्या चौकांत निशाणें घेऊन माणसें जमलीं. स्कॉटलंडच्या विधिमंडळावर संघाचें निळें निशाण ठरावानें तसेंच राहूं दिलेलें होतें. लंडनची प्रसिद्ध घंटा दुरुस्तीसाठीं बंद होती. म्हणून तिच्या ठोक्यांची ध्वनिमुद्रिका लावण्यांत आली, आणि मुख्य प्रधानांच्या निवासाच्या भिंतीवर घड्याळाचें प्रकाशचित्र पाडण्यांत आलें. ठोके पडले ते अकरा. करारांत वेळ मध्यरात्रीची होती, पण ती ब्रसेल्सच्या घड्याळाची.